टीव्हीतला कावळा

आमच्या चाळीत टीव्ही कुणा एकट्याचा नसायचा, तसा बाबांनी आणलेला गेमही कधी आमचा एकट्यांचा झाला नाही. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. गिरणी बंद पडल्यावर बाबा ग्रँट रोडच्या बाजूला एका छापखान्यात लागले होते. तिथून येताना एका संध्याकाळी ते काखोटीला एक खोका मारून आले. आत काळं प्लास्टिकचं यंत्र, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट होती. खोक्यावर छापलं होतं की यात हजारो खेळ आहेत. प्रत्यक्षात पाच निघाले, आणि तेच पाच रंग बदलून पुन्हा पुन्हा यायचे.

आई म्हणाली, दुकानदाराने शेंडी लावली. बाबा वायर जोडत म्हणाले, "पाच तर पाच. माळ्यावर दुसऱ्या कोणाकडे एक तरी आसा?"

आमची खोली लालबागला, तिसऱ्या माळ्यावर, जिन्याला लागून. दार दिवसभर उघडं. त्यामुळे बाबा खेळायला बसले की उंबऱ्यात दोघं, बाहेर गॅलरीत चौघं, आणि शेजारच्या काकू निवडायचे तांदूळ घेऊन आमच्या पलंगाच्या कडेला. खेळ असा काही नव्हताच. एक ठेंगणा माणूस उजवीकडे धावतो, खड्डा येतो, तो उडी मारतो. बाबांना ते कधी म्हणून जमलं नाही. पडद्यावरच्या माणसाने उडी मारायची तर बाबा रिमोटसकट स्वतःच वर उसळायचे. एकदा तर वायर ताणली जाऊन अख्खं यंत्र ट्रॉलीवरून खाली आलं आणि गॅलरीत हशा पिकला.

तो माणूस खड्ड्यात पडला की बाबा म्हणायचे, "मेलो." दुसरा जीव मिळाला की म्हणायचे, "उठलो." आईला हे अजिबात खपायचं नाही. दिवेलागणीच्या वेळी घरात असं अभद्र बोलतात का, म्हणून ती आतून ओरडायची. बाबा तिला मुद्दाम ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायचे, "मेलो गो." तिसऱ्यांदा मेले की रिमोट ठेवायचे आणि हात धुवायला उठायचे. मग आमची पानं वाढली जायची.

त्या खेळांना गोष्ट नव्हती, आणि आम्हाला तिची गरजही वाटली नाही. तो माणूस का धावतोय हे माळ्यावर कुणी विचारलं नाही. विचारलं ते फक्त आईने. एकदा कणीक मळता मळता तिने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो मेलो धावता कशाक? तेच्या घराकडे कोण आसा तरी काय?" सगळे हसले. बाबा म्हणाले, "बायको आसतली. म्हणान तर धावता." त्यावर आई लाजली की चिडली, ते आता नीट आठवत नाही. दोन्ही एकाच तोंडाने करायची तिला सवय होती.

आज त्या जागेवर टॉवर उभा आहे आणि आम्ही दोघी त्यात राहतो, मी आणि आई. मी परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. सकाळपासून लोकांना श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा, असं सांगून दुपारी घरी येते. लग्न केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि फारशी रंजक नाही.

बाबांनी हे घर पाहिलं नाही. चाळ पाडल्यावर बिल्डरच्या भाड्यावर आम्ही शिवडीला एका खोलीत राहिलो आणि टॉवर वर चढताना रस्त्यावरून बघत राहिलो. बाबांना छंदच लागला होता. संध्याकाळी चालत लालबागला जायचे, मान वर करून माळे मोजायचे आणि घरी येऊन आईला विचारायचे, आपल्याला कितवा मिळेल. फार वरचा मिळाला तर लिफ्टीत कान बंद होतील, अशी त्यांना भीती होती, आणि फार वरचाच मिळावा अशी इच्छाही. कुणाला कितवा माळा ते ठरवणाऱ्या सोडतीच्या दिवशी मला ड्यूटी होती. बाबांना गर्दीत उभं राहवत नव्हतं, म्हणून परळच्या शाळेच्या हॉलमध्ये आई गेली. ती निघताना बाबा खाटेवर पेपर वाचत होते. "चांगलो माळो घेवन ये," एवढं म्हणाले. ती परत आली तेव्हा दारात शेजारी जमले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसणार. असं ते सगळ्यांनाच सांगतात, हे मला ठाऊक आहे.

दहाव्याला बाणगंगेवर गेलो. बायकांनी घाटावर जायचं नाही ही आमच्या घराण्याची रीत. मी काकांशी भांडून गेले. आई घरी राहिली. तिला कुणी चल म्हटलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

पिंड मांडला, आम्ही मागे सरकलो, आणि कावळा काही शिवेना. कावळे होते, हवे तेवढे. देवळाच्या कळसावर, तारांवर, पायऱ्यांवर, एकजात गलेलठ्ठ. काका हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, वहिनींना आम्ही अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. मग म्हणाले, पोरीचं लग्न लावून देऊ. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. छापखान्यातल्या एका मित्राने खिशातली तंबाखूची पुडी काढून पिंडाशेजारी ठेवली. कुणी म्हणालं, चाळ सुटल्याचं दुःख असेल, तर कुणी म्हणालं, नवीन घरात आधी त्यांचा फोटो लावू म्हणावं. एक कावळा आला, तंबाखूकडे तिरकं बघितलं आणि शेजारच्या पिंडावर जाऊन बसला. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि आम्हाला मोकळं केलं.

घरी आलो तर आई दारातच उभी. एकच शब्द विचारला, "शिवलो?" काका म्हणाले, शिवला. मला असलं गुळगुळीत बोलणं सहन होत नाही. मी म्हटलं, दर्भाचा. वर हेही म्हटलं की तिथले कावळे सकाळपासून खाऊन टम्म झालेले असतात, त्यात काही अर्थ नाही. आई आत गेली.

तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं की बाबांचं काहीतरी राहून गेलंय. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, कधी माझ्या केसांना तेल लावताना ती मध्येच विचारायची, "ह्यांचा काय रवला आसतला गो?" मी सुरुवातीला समजावलं, मग चिडले, मग हात टेकले. नव्या घरात आलो, फोटो लावला, तंबाखूचीही पुडी फोटोपुढे ठेवून झाली. प्रश्न जिथल्या तिथे. त्यात आणखी एक भर पडली. चाळीत ती रोज जेवणाआधी गॅलरीच्या कठड्यावर भाताचा घास ठेवायची, आणि ठरलेला एक कावळा यायचाच. इथे कबुतरांमुळे सगळ्या बाल्कन्यांना जाळी मारलेली. पहिल्या दिवशी ती घास हातात घेऊन जाळीशी बराच वेळ उभी राहिली आणि मग तो घास परत पातेल्यात टाकला. कावळ्याला विचारायची सोयही गेली.

गेमचं यंत्र आलं ते अगदी अचानक. आमच्या विभागातल्या एकाच्या घरी बाळ झालं, बायकोने तंबी दिली, आणि त्याने ते माझ्या गळ्यात मारलं. मला वाटलं, तेच असेल, धावा आणि उड्या मारा. पण मधल्या काळात गेम फार पुढे गेले होते आणि मी मागेच राहिले होते. पहिल्याच खेळात पेटलेल्या डोंगरावरून बकऱ्या हाकत खाली आणायच्या होत्या. एक लंगडी मागे राहिली. मी दुसऱ्या दिवशी डबा न घेता कामावर गेले आणि दिवसभर मला ती बकरी आठवत होती. चाळीस ओलांडलेली बाई, रोज मोडकी हाडं बघणारी, आणि एका खोट्या बकरीपायी उपाशी राहिले. बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं की आता मेलेला उठत नाही, आणि त्याचं वाईट वाटायला लागलंय.

मग तो बेटाचा खेळ आला. समुद्रात एक थंड, उजाड बेट, त्यावर दीपगृह, आणि दिवा सांभाळणारी एक मुलगी. तिचा बाप होडी घेऊन गेला आहे आणि परतलेला नाही. मुलीने रोज लाकडं गोळा करायची, भाकरी भाजायची, संध्याकाळी दिवा लावायचा. एवढंच. सोबतीला एक कावळा. सकाळी दार उघडलं की तो भिंतीवर येऊन बसतो.

आई पहिल्या दिवशी कोथिंबीर निवडायला म्हणून माझ्या मागे बसली, आणि कावळा दिसताच तिचे हात थांबले.

"तेका घाल काय तरी."

मी तिला समजावलं की भाकऱ्या मोजक्या आहेत, मुलीच्या अंगात ताकद राहायला हवी, कावळ्याला दिलं काय न दिलं काय, खेळाला फरक पडत नाही. तिच्यापुढे कोणाचं चालतं? रोज एक भाकरी कावळ्याला जाऊ लागली. मुलगी जिना चढताना धापा टाकायची. आई म्हणायची, "टाकू दे, तरणी आसा." मी तिला चिडवायचे की टीव्हीतल्या कावळ्याला घालतेस, मला मात्र कालची आमटी वाढतेस. ती म्हणायची, "तू जाळयेच्या आत आसस, खयसून उडान जातलस."

हळूहळू आमच्या दुपारी ठरून गेल्या. मी आले की जेवण, मग खेळ. ती नसताना पुढे खेळायचं नाही, असा आईचा दम. इंग्रजी वाक्यं पडद्यावर आली की मी तिला मराठीत सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या, जुन्या चाळीतल्याच काकू एकदा आल्या, ज्यांनी कधीकाळी पलंगाच्या कडेला बसून तांदूळ निवडले होते. थोडा वेळ बघून म्हणाल्या, तुझे बाबा काय उसळायचे गं. आम्ही तिघी खूप हसलो. नंतर आईने पदराने चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिली. या खोलीत दार बंद असतं, बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी नसते, तरी त्या दुपारी मला उंबऱ्यात माणसं बसल्यासारखी वाटली. मला तो माळा फार आठवतो. आठवतो म्हणजे, रडू येईल इतका आठवतो.

असे काही आठवडे गेले आणि एके दिवशी खेळातल्या मुलीला किनाऱ्यावर फळ्या सापडल्या. तिच्या बापाच्या होडीच्या. एका फळीवर त्याने कोरलेला मासा होता, तो तिने ओळखला.

खेळात दुसरी सकाळ झाली. मुलीने दार उघडलं. कावळा भिंतीवर होता. मी भाकरी ठेवली. त्याने बघितलं आणि मान फिरवली. मी पुन्हा ठेवली, मग सुका मासा ठेवला, मग झुडपातली लाल फळं. कावळा जागचा हलेना, आणि तो घेत नाही तोवर खेळही पुढे सरकेना.

आईने कोथिंबीर खाली ठेवली. "घेवचो नाय," ती म्हणाली. "काय तरी रवलेला आसा."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. जे घाटावर सोडून आलो होतो, तेच घरात टीव्हीवर येऊन बसलं होतं. यंत्र बंद करावं, असं क्षणभर मनात आलं, कारण या कावळ्यानेही घास घेतला नाही तर आईला मी काय सांगणार होते? इथे दर्भ आणायचा कुठून?

तेवढ्यात मुलगी भिंतीला टेकून कावळ्याशेजारी बसली आणि खाली चार वाक्यं उमटली. त्यातलं एक निवडायचं होतं. मी आईला वाचून दाखवलं. मी दिवा कधी विझू देणार नाही. मी तुला शोधून काढीन. मी हे बेट सोडून जाणार नाही. तुला एक सांगायचं राहिलं.

माझं बोट आपसूक पहिल्यावर गेलं. आम्ही बाणगंगेवर तेच केलं होतं, वचनं दिली होती.

"थांब," आई म्हणाली. "शेवटचा परत सांग."

"तुला एक सांगायचं राहिलं."

"ता घे."

मी बटण दाबलं. मला वाटलं, आता मुलगी बोलेल, खाली ओळी येतील, आणि मी त्या आईला मराठीत सांगेन. तसं काही झालं नाही. संगीत थांबलं. मुलीचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज नुसता वाऱ्याचा. तिने बापाला काय सांगितलं ते ज्यांनी खेळ केला त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. जागा मोकळी सोडली होती.

त्या मोकळ्या जागेत माझी आई बोलली. टीव्हीकडे बघून, साध्या आवाजात, बाबा घरी आल्यावर बोलायची तशी.

"अहो, एकोणिसावो माळो गावलो. पूर्वेक. खिडकीतसून खाडी दिसता. लिफ्टीत कान बंद होतत, तुमी म्हणालात तसा."

मी श्वास रोखून बसले होते. रोज दुसऱ्यांना सोडा म्हणून सांगते, पण मला तो सोडता येईना. इतकी वर्षं आम्ही सगळे बाबांचं काय राहिलं ते शोधत होतो. माझं लग्न, चाळ, तंबाखू. आणि राहिलं होतं आईचं. ती हॉलमधून माळा घेऊन धावत घरी आली होती, आणि तो ज्याला सांगायचा तोच नव्हता. दारातल्या गर्दीत, नंतरच्या रडारडीत, ते सांगायचं तसंच राहून गेलं.

पडद्यावर कावळ्याने भाकरी उचलली आणि तो उडून गेला. मी रडले, तोंड न लपवता. आईने माझ्या पाठीवर कोथिंबिरीचा हात ठेवला आणि म्हणाली, चहा टाक.

माझा स्वभाव काही जात नाही. पुढच्या सुट्टीला आई खाली काकूंकडे गेली असताना मी तोच प्रसंग पुन्हा काढला. पहिलं वाक्य निवडून पाहिलं. कावळ्याने भाकरी घेतली. दुसरं निवडलं, घेतली. तिसरं निवडलं, तरी घेतली. ज्यांनी खेळ केला त्यांनी त्याला घास घ्यायलाच लावलं होतं. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि आईचीही फसवणूक झाल्यासारखी. तिला सांगू नये असं ठरवून मी दोन दिवस तोंडाला कुलूप लावून फिरले. पण तिने विचारणं बंद केलं होतं, काय राहिलं असेल, हे एकदाही तिच्या तोंडून आलं नाही, आणि ते खोट्यावर उभं आहे ही गोष्ट मला टोचत राहिली. शेवटी दुपारी ती कोलंबी सोलत असताना मी सांगून टाकलं. काहीही निवडलं तरी तो कावळा घास घेतो, आई. मी करून पाहिलं.

तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

"मगे? टीव्हीतलो कावळो तो. दर्भाचो पण कोणी तरी केलेलोच होतो मा?"

"मग तुला कसं बरं वाटलं?"

तिने कोलंबीचा धागा ओढून काढला आणि पेपरवर टाकला.

"त्या दिवशी तुमी सगळे थय गेलात आणि ह्यांका इचारलात, तुमचा काय रवला, तुमचा काय रवला. मी हय घरात बसलेलंय. माका कोणी इचारल्यान? ह्या खेळान इचारल्यान."

घाटावर जायला मी भांडले होते, पण ते माझ्यासाठी. आईलाही घेऊन जाऊ, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि नेहमीच्या जागी, माझ्या मागे येऊन बसली. "चालू कर," म्हणाली. "त्या पोरीचो दिवो लावचो आसा."